डो-सी-डो म्हणजे नक्की काय? आणि आजीने वाढलेले डोसे

चिवडा_पार्सल

नमस्कार मंडळी, धागा जरा विचित्र आहे पण दोन आठवडे डोक्यात भुंगा आहे म्हणून काढतेच. आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो, लेक चौथीत. परवा शाळेतून आली, दप्तर भिरकावलं आणि म्हणाली, आजी चल, डोसाडो! सासूबाई सध्या इकडे आल्यात सहा महिन्यांसाठी, त्यांना ऐकू आलं 'डोसा दो'. नातीला हिंदी कधीपासून यायला लागलं एवढंच त्यांना नवल, पीठ फ्रीजमधे होतंच, दहा मिनिटांत दोन डोसे चटणीसकट टेबलावर. पोरीने ते गपचूप खाल्ले, तोंड पुसलं आणि परत, आजी, डोसाडो! आजी म्हणाल्या अगं पोट आहे का पिंप.

मग उलगडा झाला की पीईच्या तासाला स्क्वेअर डान्स चालू आहे आणि डो-सी-डो ही त्यातली एक स्टेप. पोरीने हॉलमधे करून दाखवलं, आजीच्या भोवती एक गिरकी मारून परत जागेवर. मला काही विशेष कळलं नाही.

एवढ्यावर सोडून दिलं असतं, पण त्याच आठवड्यात ऑफिसात आमच्या मॅनेजरबाई मीटिंगमधे म्हणाल्या की आपण तीन आठवडे या विषयाभोवती नुसतं डो-सी-डो करतोय. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीपण डोलावली (सवय). आणि काल कॉरिडॉरमधे एका माणसाशी समोरासमोर आले, तो डावीकडे मी डावीकडे, तो उजवीकडे मी उजवीकडे, तर तो हसून काय म्हणतो, सॉरी, लिटल डो-सी-डो देअर!

म्हणजे टाळाटाळ पण डो-सी-डो, रस्त्यात अडखळणं पण डो-सी-डो आणि नाच पण तोच. कोणी नीट सांगेल का? आणि आपल्याकडे याला काही शब्द आहे का, सासूबाई विचारतायत.

---

ठमी

डोसा दो 😂😂 आजींना दंडवत.

मला वाटायचं डो-सी-डो म्हणजे हाताची घडी घालून गुडघे उचलत एकमेकांभोवती फिरायचं. लहानपणी कार्टूनमधे बघितलेलं, गवताची काडी तोंडात धरलेले शेतकरी. वाचतेय.

---

शब्दखोर

शब्दाचं मूळ सांगतो, नाचातलं मला शून्य कळतं.

मूळ फ्रेंच, दोज़-आ-दो. दो म्हणजे पाठ. पाठीला पाठ, बस एवढाच अर्थ. फ्रेंच कोतियाँ आणि क्वाद्रिय हे चार जोड्यांचे चौकोनी नाच समुद्रापार अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर शब्दही गेले आणि तिकडच्या शेतकऱ्यांच्या जिभेवर पार घासून निघाले. दोज़-आ-दोचं डो-सी-डो, डो-सा-डो, काही ठिकाणी चक्क डोसी-डो. आपल्याकडे स्टेशनचं ठेसन झालं तसंच. आणि आजकालच्या क्लबांत अधिकृत स्पेलिंग सलग 'डोसाडो' असंच आहे, म्हणजे आजींनी ऐकलं ते अक्षरशः बरोबर ऐकलं!

हाच शब्द दुसरीकडे कुठे कुठे गेला बघा. जुन्या पुस्तकबांधणीत दोज़-आ-दो नावाचा प्रकार आहे, दोन पुस्तकं एकच मागचं पुठ्ठं वाटून घेतात, एक या बाजूने उघडायचं आणि पालथं करून दुसरं त्या बाजूने. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमधे बायबलचा नवा करार आणि स्तोत्रं अशी एकत्र बांधत. दुसरं, पाठीला पाठ लावून बसायची घोडागाडी. डचांच्या काळात ही बटाव्हियात म्हणजे आजच्या जकार्तात एवढी चालायची की तिचं नाव लोकांनी छाटून 'साडो' केलं, आणि इंडोनेशियन भाषेत तो शब्द अजून आहे. नाचातली पाठ टांग्यापर्यंत पोचली.

अवांतर: मराठीत पाठीला पाठ लावून येतात ती भावंडं. पाठची बहीण, पाठचा भाऊ. आणि पाठ फिरवली की संबंध संपला. त्यामुळे 'पाठीला पाठ' असं नुसतं भाषांतर केलंत तर वाचणारा पाळण्यापर्यंत जाईल, नाचापर्यंत येणार नाही.

---

चिवडा_पार्सल

शब्दखोर, साडो भारीच. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणतायत मी बरोबरच होते.

---

कोकणस्थ_काउबॉय

आला माझा विषय आला!! मी आणि बायको डॅलसजवळच्या एका क्लबात दोन वर्षं स्क्वेअर डान्सला जातोय. हसू नका. मुलगा कॉलेजला गेला, घर खायला उठलं, शेजारची एक सत्तरीची बाई म्हणाली चला, गेलो आणि अडकलो.

आधी मांडणी सांगतो नाहीतर काही कळणार नाही. चार जोड्या, आठ माणसं, चौकोनाच्या चार बाजूंना एकेक जोडी, तोंडं आत. बाई पुरुषाच्या उजव्या हाताला. पहिल्या जोडीची पाठ कॉलरकडे (पुढची स्टेप, म्हणजे कॉल, ओरडून सांगतो तो), तिथून उजवीकडे मोजत दोन तीन चार. एक आणि तीन म्हणजे हेड्स, दोन आणि चार म्हणजे साइड्स. तुमच्याबरोबर असतो तो पार्टनर आणि दुसऱ्या अंगाला शेजारच्या जोडीतलं माणूस असतं ते कॉर्नर. हे पार्टनर-कॉर्नर पहिले दोन महिने माझ्या डोक्यात उलटसुलट व्हायचं, बायको म्हणायची घरी तरी लक्षात ठेव पार्टनर कोण ते.

आता डोसाडो. दोघं समोरासमोर. चालत पुढे जायचं, उजवा खांदा उजव्या खांद्याजवळून. एकमेकांना ओलांडलं की तोंड न वळवता एक पाऊल उजवीकडे सरकायचं, या क्षणी पाठीला पाठ असते, तेवढाच काय तो फ्रेंच भाग. मग तसंच उलटं, मागे मागे चालत, आता डावा खांदा डाव्या खांद्याजवळून, आपल्या जागी परत. हात कोणी कोणाला लावत नाही. आठ पावलं, कधी सहा. आणि मेन म्हणजे अख्खा वेळ तुमचं तोंड एकाच दिशेला. सुरुवातीला समोर खिडकी दिसत होती तर शेवटपर्यंत खिडकीच दिसली पाहिजे. चिवडाताई, तुमच्या लेकीने गिरकी मारली म्हणताय ना, ती चुकली. सगळी मुलं तिथेच चुकतात, मीपण चुकलो.

माझा किस्सा. पहिलाच महिना, सगळे रंगात, कॉलरने डोसाडो म्हटलं आणि मी पाठीला पाठ आल्यावर सवयीने वळलो. माणूस जाताना पुढे बघून जातो हो, मागे मागे चालायची सवय कुठे असते. तर मी वळलो आणि तोंड चौकोनाच्या बाहेर. लगेच पुढची कॉल आली, अलेमांड लेफ्ट, म्हणजे कॉर्नरला डावा हात द्या. मी डावा हात पुढे केला तर समोर भिंत, भिंतीवर फायर एक्स्टिंग्विशर. मागे माझी कॉर्नर हात पुढे करून उभी, तिच्यामुळे तिच्यापुढची अडकली, चार सेकंदात आठच्या आठ माणसं ट्रॅफिक जाममधे. याला चौकोन मोडला म्हणतात. मोडला की आपल्या जागी जाऊन गप उभं राहायचं आणि कॉलरने पुढे संधी दिली की परत मिसळायचं. कोणी रागावत नाही. नवीन लोकांच्या मधे मुद्दाम जुने लोक उभे करतात, त्यांना एंजल म्हणतात, अशाच एका एंजल आजोबांनी मला खांद्याला धरून वळवलं आणि म्हणाले, सन, द वॉल डझन्ट डान्स.

ठमी, हाताची घडी वगैरे कार्टूनी आहे. क्लबात पुरुषांचे हात नॉर्मल आणि खांदा जरासा पुढे, बायका दोन्ही हातांनी घागरा धरतात आणि जाताना पुढे मागे सावरतात म्हणजे समोरच्याला लागत नाही. आतला पेटिकोट एवढा फुगीर असतो की तो वेगळा पार्क करावा लागतो.

---

निवृत्त_पीटी

धागा आवडला. मी साताऱ्याकडे एका शाळेत सत्तावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. काउबॉय, एक शंका. आमच्या लेझीमलाही मी शिट्टी आणि आकडे द्यायचो, पण मुलांना क्रम पाठ असायचा, हलगी बदलली की पुढचा हात आपोआप. तुमचा हा कॉलर काय करतो? क्रम ठरलेला नसतो का?

दुसरे म्हणजे तुमचे वर्णन वाचून सौ. बरोबर हॉलमध्ये करून पाहिले. उजवा खांदा जमला. मागे येताना त्यांनी 'मागे टीपॉय आहे' अशी कॉल दिली.

---

कोकणस्थ_काउबॉय

सर 🙏 टीपॉय कॉल क्लबात सुचवतो.

तुमची शंका अगदी मुद्द्याची आहे. मॉडर्न वेस्टर्न, म्हणजे आमच्या क्लबवाल्या प्रकारात नाचणाऱ्याला पुढचं काहीच माहीत नसतं! कॉल्स शिकून ठेवायच्या, प्रत्येक कॉलचा अर्थ पक्का, आणि कॉलर त्या आयत्या वेळी हव्या त्या क्रमाने फेकतो. आठ माणसं कुठे आहेत, कोणाचं तोंड कुठे, हे डोळ्यापुढे ठेवून तो बोलत असतो आणि शेवटी सगळ्यांना आपापल्या पार्टनरपाशी आणून सोडतो, ते बघताना मला अजून जादूच वाटते. एका फेरीला टिप म्हणतात, त्यात साधारण दोन भाग, पहिला असा फेकाफेकीचा, दुसरा गाण्यावर बसवलेला, त्यात कॉलर चक्क गातो आणि मधेमधे कॉल्स पेरतो.

म्हणून कॉलचा अर्थ सगळीकडे एकच असावा लागतो. कॉलरलॅब नावाची कॉलर लोकांची संघटना आहे १९७४ पासूनची, ती या व्याख्या आणि याद्या ठरवते. गंमत म्हणजे जर्मनी, स्वीडन, जपान कुठेही जा, कॉल्स इंग्रजीतच. आमच्याकडे एक जपानी बाई पाहुण्या आल्या होत्या, इंग्रजी बोलायला लाजत होत्या पण चौकोनात एक पाऊल चुकल्या नाहीत, मी तीनदा.

टेक्सासमधलं अजून एक. इथे जुन्या लोकांच्या तोंडी डो-सी-डो म्हणजे वेगळाच प्रकार होता, पार्टनरला डावा हात, कॉर्नरला उजवा, परत पार्टनरला डावा, असं हात धरून फिरायचं. गोंधळ नको म्हणून त्याला आता डो पासो म्हणतात. म्हणजे एकाच देशात एका शब्दाचे दोन नाच.

---

बोका_बसलाय

म्हंजे सगळा फेरा मारून माणूस जिथल्या तिथे. लै भारी. याला आमच्याकडं ये रे माझ्या मागल्या म्हणत्यात. चिवडाताई तुमच्या म्याडमचं बरोबर हाय, तीन आठवडे फिरून मीटिंग जागेवरच.

---

शब्दखोर

बोका, +१०००. 'ये रे माझ्या मागल्या' मधे मागे येणंसुद्धा आहे, मी अर्धा तास शब्द शोधत होतो आणि तुम्ही बसल्या बसल्या दिलात.

आता रोजच्या इंग्रजीतल्या वापराचं माझं निरीक्षण. कॉरिडॉरमधला वापर हा खांद्याजवळून जाण्यावरून आलाय, तिथे मुळात नाच जमलेला नसतो, दोघं एकाच बाजूला सरकतात, पण गमतीत त्याला डो-सी-डो म्हणतात. मीटिंगमधला वापर हा एकमेकांभोवती फिरून हाताला काही न लागण्यावरून. हे दोन्ही नाचाशी इमान राखून आहेत, कारण त्यातही कोणी कोणाला शिवत नाही. तिसरा वापर मात्र मला खटकतो. बातम्यांत दोन नेत्यांनी खुर्च्यांची अदलाबदल केली की त्याला डो-सी-डो म्हणतात. अरे पण नाचात अदलाबदल होतच नाही ना? दोघं आपापल्या जागी परत येतात. तो वापर चूक.

---

चिवडा_पार्सल

थांबा थांबा, हे मला परवाच उपयोगी पडलं!!

सोमवारी मॅनेजरबाईंनी जाहीर केलं की दोन टीमचं डो-सी-डो होणार, आमचं काम ते घेणार आणि त्यांचं आम्ही. मी आयुष्यात पहिल्यांदा मीटिंगमधे न विचारता बोलले, म्हटलं की अ‍ॅक्च्युअली डो-सी-डो केलं तर आम्ही आमच्याच जागी परत येऊ. एकदम शांतता. माझ्या पोटात गोळा. मग आमचा एक सिनियर, पूर्व वॉशिंग्टन राज्यात गव्हाच्या शेतावर वाढलेला, एरवी महिन्यात दोन वाक्यं बोलतो, तो म्हणाला शी इज राइट, आणि उठून खुर्चीभोवती करूनच दाखवलं. त्याने सांगितलं की स्क्वेअर डान्स वॉशिंग्टनचा अधिकृत राज्यनृत्य आहे, १९७९ पासून, आणि शाळेत त्यालाही सक्तीचा होता. मला तेही माहीत नव्हतं, इथे अकरा वर्षं राहून.

---

वाकडं_बोट

सगळे एवढे खुशीत आहात म्हणून जरा पाणी ओततो. शाळांत हा नाच आला कसा ते पण बघा. हेन्री फोर्ड, मोटारवाला. त्याला जॅझ आवडायचं नाही, आणि न आवडण्यामागे ज्यू आणि काळ्या लोकांबद्दलचा द्वेष होता, लपवलेलाही नव्हता. त्यावर उतारा म्हणून त्याने जुने गोरे शेतकरी नाच उकरून काढले. बेंजामिन लव्हेट नावाच्या नाचमास्तरला मॅसॅच्युसेट्समधून उचलून मिशिगनला डिअरबॉर्नमधे आणून ठेवलं, १९२६ मधे जुन्या नाचांचं पुस्तक काढलं, शाळांना उत्तेजन दिलं. तुमच्या लेकीचा डोसाडो इथून आलाय.

---

बॉस्टनची_बाकरवडी

वाकडं_बोट, फोर्डचं सगळं खरं आहे पण 'इथून आलाय' एवढं सरळ नाही. लोकनृत्यं न्यूयॉर्कच्या शाळांत फोर्डच्या आधीपासून होती. आणि १९३० च्या दशकात कोलोरॅडो स्प्रिंग्जला लॉइड शॉ नावाचे एक शाळाप्रमुख होते, त्यांनी काउबॉय लोकांचे नाच गोळा केले, शाळेच्या मुलांची टीम घेऊन देशभर फिरले, मास्तरांना उन्हाळ्यात शिकवलं. क्लबवाला प्रकार बराचसा तिथून फुटलाय.

उलट फोर्डला ज्याची कल्पना नसावी ते सांगते. जो भाग सगळ्यात अमेरिकन आहे, म्हणजे कोणीतरी उभं राहून आकृत्या ओरडून सांगणं, तो काळ्या वादकांकडून आला असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. युरोपात नाच मास्तरकडून आधी शिकून पाठ करायचा. अमेरिकेत मळ्यांवर आणि गावच्या नाचांत फिडल वाजवणारे खूपदा गुलाम किंवा मुक्त काळे लोक असत, आणि तेच वाजवता वाजवता पुढची आकृती सांगत. फोर्डने ज्यांच्यापासून पळ काढला त्यांच्याच आवाजावर त्याने नाच बसवला. हाच तो डो-सी-डो, बोका म्हणतात तसा, वळसा घालून जागेवर.

१९८२ मधे राष्ट्राध्यक्ष रेगनने सही करून स्क्वेअर डान्सला राष्ट्रीय लोकनृत्य केलं होतं, पण फक्त ८२ आणि ८३ साठी. कायमचं करायचे प्रयत्न झाले, नाही जमलं. मग राज्यांनी आपापलं जाहीर केलं, तुमच्या वॉशिंग्टनसारखं.

आणि आता शब्दखोर, तुमच्यासाठी. मी इकडे काँट्रा डान्सला जाते. स्क्वेअरचा चुलतभाऊ, पण चौकोनाऐवजी दोन लांब रांगा. यात कॉलर खूपदा 'डो-सी-डो दीड' म्हणतो. एक पूर्ण घ्यायचा आणि अजून अर्धा. अर्ध्यात काय होतं? तुम्ही पलीकडच्याच्या जागी पोचता आणि तो तुमच्या. म्हणजे अदलाबदल होते! बातम्यांवाले अगदीच चूक नाहीत, फक्त दीड म्हणायला विसरतात.

---

चिवडा_पार्सल

अगं बाई. म्हणजे मी ऑफिसात उगाच फुशारकी मारली?

---

कोकणस्थ_काउबॉय

नाही हो, नुसतं डोसाडो म्हटलं तर पूर्ण एकच. तुम्ही बरोबर होतात. मॅनेजरने 'दीड' म्हटलं असतं तर तुम्ही चूक. क्लबातपण दीड असतो आणि डोसाडो करून थेट लाटेत म्हणजे आडव्या ओळीत हात धरून थांबायचापण असतो. सोमवारी सांगा, मॅडम, तुम्हाला दीड म्हणायचं होतं.

बाकरवडी, काँट्रात तुम्ही लोक आता बाई-पुरुष म्हणत नाही ना?

---

बॉस्टनची_बाकरवडी

आमच्याकडे नाही. लार्क आणि रॉबिन. लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे, कोणीही काहीही व्हा. दोन बायका, दोन पुरुष, आई-मुलगी, सगळं चालतं. जाता जाता, आपल्या मंगळागौरीला तरी काय असतं, सगळ्या रॉबिनच.

---

ठमी

मंगळागौरीवरून आठवलं, लहानपणी आम्ही पाठीला पाठ लावून, कोपरात कोपर अडकवून एकमेकींना पाठीवर उचलायचो, एक वाकली की दुसरीचे पाय हवेत. त्याला काय म्हणायचो ते आठवत नाहीये. पण तो डो-सी-डो नाही, इथे तर अंगाला अंग लागतच नाही.

आणि ती बिस्किटं? गर्ल स्काउटच्या पोरी दारात विकायला येतात, ओटची दोन बिस्किटं आणि मधे शेंगदाण्याचं बटर, त्यांचं नाव डो-सी-डोज. आमच्या आधीच्या गावात हेच बिस्किट दुसऱ्या नावाने मिळायचं, त्यांच्या दोन बेकऱ्या आहेत म्हणे आणि नावं वेगळी. आता कळलं, दोन बिस्किटं पाठीला पाठ!

---

शब्दखोर

ठमी, छान. फक्त मधे दाण्याचं बटर असल्याने ती शिवतात, नियमभंग.

बाकरवडी, दीडपुढे शरणागती. शब्द मागे.

आता मराठी शब्दाचं बघू. माझे प्रस्ताव: पाठवळसा, पाठफेरी. पहिला मला जास्त आवडतो कारण वळसा म्हटलं की परत येणं आलंच.

---

बोका_बसलाय

पाठवळसा म्हंजे बाम लावायचा प्रकार वाटतोय. वळसा नुसता पुरे की.

---

निवृत्त_पीटी

'वळसा' ला माझे मत. मैदानावर तीन आज्ञांमध्ये बसवता येईल: समोर, सरक, मागे. सौ. म्हणतात चौथी हवी, 'टीपॉय'.

---

वाकडं_बोट

मी भाषांतराच्या विरोधात. जगभर इंग्रजीत चालतं तर आपणच का. पीठालापण मग दुसरं नाव शोधा. (हलके घ्या.)

एक मात्र विचारतो, कॉलमधे मिठी आहे का? कुठेतरी वाचलं होतं पिवळा दगड म्हणून.

---

कोकणस्थ_काउबॉय

आहे 😄 येलो रॉक. क्लबात येलो रॉक म्हणजे मिठी. टिप संपली की एकमेकांना येलो रॉक. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खाली दगड शोधत होतो आणि आमच्या त्या सत्तरीच्या शेजारीणबाई हात पसरून उभ्या. बायको अजून नातेवाइकांत सांगते. नमस्काराचा हात जोडून मी तो प्रसंग निभावला, आता सवय झाली.

---

चिवडा_पार्सल

सगळ्यांचे आभार, एवढी माहिती मिळेल वाटलं नव्हतं.

काल लेकीला काउबॉयची खिडकीची युक्ती सांगितली. हॉलमधे फ्रिजकडे तोंड करून उभी केली आणि म्हटलं शेवटपर्यंत फ्रिजच दिसला पाहिजे. तिसऱ्यांदा जमलं. मग आजीला उभं केलं. सासूबाई आधी नाही नाही करत होत्या, गुडघ्याचं कारण, मग पदर खोचला. पहिल्या फटक्यात! खांदा न लागता गेल्या, सरकल्या, मागे मागे न बघता जागेवर. पोरगी थक्क, तिच्या अख्ख्या वर्गात कोणाला असं जमत नाही म्हणाली.

मी विचारलं आई कसं काय. तर म्हणाल्या, अगं डोंबिवलीच्या त्या किचनमधे मी आणि माझी जाऊ चोवीस वर्षं. एकीच्या हातात उकळती आमटी, दुसरीच्या हातात तवा, मधे एक माणूस मावेल एवढी जागा. वळायला कुठे मिळायचं? अशाच जायचो. ती उजवीकडून, मी उजवीकडून, पाठ घासली की 'गरम' म्हणायचं.

त्यांचं म्हणणं आहे कॉल 'गरम' ठेवा.

---

निवृत्त_पीटी

आजींना सविनय प्रणाम. 'टीपॉय' मागे घेतो.

---

ठमी

माझंपण मत 'गरम' ला. आणि चिवडाताई, ते डोसे चटणीसकट म्हणालात, चटणी ओल्या खोबऱ्याची की दाण्याची? रेसिपी टाका ना.

---

चिवडा_पार्सल

दाण्याची. आजींना विचारून उद्या टाकते, त्या आत्ता हॉलमधे लेकीच्या बाबाला शिकवतायत, तो दरवेळी वळतोय.